चलन गोव्याचं, लायसन्स आपलं

(मालवण किनाऱ्यावरच्या तरुणांसमोर केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं आटोपशीर केलं आहे.)



भावांनो आणि बहिणींनो, आजचा विषय साधा वाटेल, पण या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. आपण मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी, बांदा इथली माणसं. जिल्हा महाराष्ट्राचा, पण आपली निम्मी कामं गोव्यात. घरात कुणी गंभीर आजारी पडलं की गाडी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. गल्फमधून येणाऱ्या भावाला आणायला मोपा विमानतळावर जायचं. कुणाची नोकरी म्हापशाला, कुणाचं दुकान पणजीला. बांदा ओलांडलं, पत्रादेवी आली की राज्य बदलतं. रस्ता तोच असतो, ६६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. गाडीही तीच असते, एमएच-०७.

आणि या प्रवासासोबत एक समजूतही ये-जा करते. 'गोव्याचा चलान हय कोण बघता?' तिकडे फाडलं ते तिकडेच राहिलं. मला आज एवढंच सांगायचं आहे की ही समजूत चुकीची आहे, आणि तिची खरी किंमत पाचशे-हजार रुपयांच्या दंडात मोजता येत नाही. ती मोजली जाते तुमच्या लायसन्समध्ये, तुमच्या विम्यात, आणि अपघात झालाच तर रस्त्यावर पडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या भरपाईत.

आधी ही समजूत आली कुठून ते पाहू. पूर्वी चलन म्हणजे कागद. कार्बन कॉपी पोलिसांच्या पुस्तकात राहायची आणि ते पुस्तक त्या ठाण्याच्या कपाटात. म्हापशाच्या कपाटातला कागद ओरोसच्या आरटीओपर्यंत पोचणं अवघडच होतं. आता गाडीची नोंद 'वाहन' या देशव्यापी प्रणालीत आहे आणि लायसन्सची 'सारथी' या प्रणालीत. ट्रॅफिक पोलिसाच्या हातातल्या यंत्रात तुमचा नंबर टाकला की मालकाचं नाव, विम्याची मुदत, पीयूसी, सगळं समोर येतं. बांबोळीला जाताना पणजीच्या पुढे मेरशीचा सिग्नल लागतो ना, तिथे तर २०२३ पासून कॅमेरेच चलन करतात. पोलीस दिसला नाही म्हणून आपण सुटलो, असं आता होत नाही.

कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्राचा. ओरोसला काढलेलं लायसन्स कलम १३ नुसार सगळ्या देशात चालतं. जे लायसन्स सगळीकडे चालतं, ते एका ठिकाणी निलंबित झालं तर सगळीकडेच निलंबित असतं. राज्यांच्या हातात काय आहे? कलम २०० नुसार तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता जागेवर किंवा ऑनलाइन भरायचा आकडा, प्रत्येक राज्य आपापला ठरवतं. म्हणून एकाच चुकीचा आकडा बांद्याच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळा दिसतो. आकडा वेगळा असला तरी गुन्हा एकच असतो.

इथे एक घोटाळा होतो. मोबाइलवर शोधलं की या विषयावरचा बराच मजकूर अमेरिकेचा निघतो. तिथे प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं, पण चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केलेत. परराज्यात तिकीट मिळालं की त्याची खबर तुमच्या राज्याला जाते, रेकॉर्डवर पॉइंट चढू शकतात आणि विमा महागतो. तुमच्यापैकी ज्यांचे भाऊ दुबई-शारजाला गाडी चालवतात, त्यांना तिथले 'ब्लॅक पॉइंट' माहीत असतील. वर्षात २४ झाले की लायसन्स जातं. हे वाचून-ऐकून कुणी घाबरतं, कुणी म्हणतं आपल्याकडे पॉइंटच नाहीत, मग काळजी कसली? दोघांनीही आपला कायदा वाचलेला नसतो.

आपल्या कायद्यात काय आहे ते सांगतो. २०१९ ची दुरुस्ती, त्या वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेली. तिच्यात कलम २०० ला दोन वाक्यं जोडली आहेत आणि ती फारशी कुणी वाचत नाही. पहिलं असं, की तुम्ही तडजोडीची रक्कम भरलीत तरी तो गुन्हा 'आधी केलेला गुन्हा' म्हणून धरला जाईल. म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही 'दुसऱ्यांदा' या खान्यात जाता. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये, दुसऱ्यांदा ४,०००, आणि दोन्ही वेळा कैदेचीही तरतूद आहे. दारू पिऊन चालवली तर पहिल्यांदा १०,०००, दुसऱ्यांदा १५,०००, कैद वेगळी. पहिला गुन्हा गोव्यातला आणि दुसरा महाराष्ट्रातला असला तर तो मोजायचा नाही, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. दंड भरल्याने कलम २०६(४) ची कारवाई थांबत नाही. हे कलम काय म्हणतं? वेगमर्यादा मोडणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. मग कलम १९ नुसार पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि पुन्हा तसंच झालं तर लायसन्स रद्द, इथपर्यंत मामला जाऊ शकतो. हेल्मेटच्या कलमात तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने अपात्रता या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या आहेत. दर वेळी असं होतं असं मी म्हणत नाही. पण झालं तर 'मी तर दंड भरला होता' हे उत्तर चालणार नाही.

आता विम्याकडे येऊ. आपल्याकडे विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद. पण त्या कागदात तीन वेगळे करार असतात आणि ते वेगळे समजून घ्यायला हवेत.

पहिला थर्ड पार्टी. कायद्याने सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला पैसे देणारा. त्याचा दर सरकार ठरवतं, इंजिनच्या सीसीवर. दुसरा ओन डॅमेज, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यात क्लेम न घेता वर्षं गेली की नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. तिसरा मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. मालक स्वतः चालवताना गेला तर घरच्यांना मिळणारी रक्कम ती हीच.

मग चलनामुळे हप्ता वाढतो का? नाही. थर्ड पार्टीचा दर सीसी पाहतो आणि नो क्लेम बोनस क्लेम पाहतो. चलन यातलं कुणीच पाहत नाही. २०२१ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या एका कार्यगटाने सुचवलं होतं की वाहतुकीच्या गुन्ह्यांना गुण द्यावेत, दारू पिऊन चालवल्यास १००, चुकीच्या पार्किंगला १०, आणि त्यावरून वेगळा हप्ता लावावा. सुरुवात दिल्लीत करावी असंही त्यात होतं. तो प्रस्तावच राहिला. म्हणून गोव्याच्या एका चलनाने तुमचा विमा महाग होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण हप्ता वाढत नाही म्हणून विमा सुरक्षित आहे, असंही समजू नका. पॉलिसीच्या कागदावर चालकाबद्दल एक अट छापलेली असते. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं आणि तो लायसन्स धरायला अपात्र ठरलेला नसावा. धोका या अटीत आहे. एक साखळी डोळ्यासमोर आणा. एक मुलगा म्हापशात हेल्मेटशिवाय सापडला. चलन झालं, लायसन्स पुढे गेलं, नोटीस जुन्या पत्त्यावर आली, कुणी उघडली नाही. तीन महिन्यांचं निलंबन झालं. मुलगा मात्र रोज मालवण-कुडाळ बाइक चालवतोच आहे. एका संध्याकाळी कसालच्या तिठ्यावर रस्ता ओलांडणारे एक आजोबा त्याच्या बाइकला लागले.

आता काय होईल? निलंबित असताना गाडी चालवणं हा कलम १८२ खाली वेगळा गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बाइकच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारेल. तो स्वतः जायबंदी झाला तर १५ लाखांच्या भागातही चालू लायसन्सची अट आहेच. आणि आजोबांची भरपाई? २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखवलेला मार्ग असा, की लायसन्सचा दोष असला तरी जखमी माणसाला वाऱ्यावर सोडू नये; कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि न्यायाधिकरण सांगेल त्याप्रमाणे मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे आजोबांच्या घरी पैसे पोचतील, पण ते शेवटी निघतील बाइकच्या मालकाच्या खिशातून. मालक कोण? बहुतेक वेळा वडील. अपघाताच्या भरपाईत लाखांचे आकडे येतात. एका हेल्मेटपासून सुरू झालेली गोष्ट होडीवर, जमिनीवर, बहिणीच्या लग्नाला साठवलेल्या पैशांवर येऊन थांबते.

विम्याचा आणखी एक प्रश्न आपल्या समाजात दबक्या आवाजात विचारला जातो, तो मी उघड बोलतो. विमा जायज की नाजायज? याच्यावर उलेमांमध्ये चर्चा आहे आणि ती इथे मिटवायला मी बसलेलो नाही. पण या कारणाने कुणी थर्ड पार्टी भरत नसेल तर त्याने हे लक्षात घ्यावं की तो पैसा तुमच्या फायद्याचा नाही. तुमच्याकडून ज्याला इजा झाली, त्याचा तो हक्क आहे. हुकूकुल-इबाद, माणसांचे माणसांवरचे हक्क, याबद्दल आपण प्रत्येक जुम्याला ऐकतो. ज्याचा हात-पाय तुमच्या चाकाखाली गेला, त्याचं घर कसं चालणार, याचं उत्तर विमा न भरणाऱ्याकडे असायला हवं. ते बहुतेकांकडे नसतं.

आता आपल्या भागातल्या तीन सवयी, ज्यांत परराज्याचं चलन आणि विमा एकत्र अडकतात.

पहिली, गाडी भावाच्या नावावर. भाऊ कुवेतला, बाइक इथे, चालवणारे तुम्ही. कॅमेऱ्याचं चलन नंबर प्लेटवरून निघतं, म्हणून ते मालकाच्या नावावर जातं. मेसेज जातो त्याच्या जुन्या सिमवर, जे केव्हाच बंद पडलेलं असतं. चलनं साठत जातात आणि गाडी विकताना किंवा एनओसी काढताना एकदम समोर येतात. शिवाय १५ लाखांचा तो विमा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल त्यासाठी आहे. चालवणारा दुसराच असेल तर वादाला जागा राहते. बाइक रोज तुम्हीच चालवणार असाल तर ती तुमच्या नावावर करून घ्या. निदान 'वाहन' नोंदीतला मोबाइल नंबर बदला.

दुसरी, गोव्याची सेकंडहँड गाडी. स्वस्त मिळते म्हणून जीए पाटीची बाइक आणायची आणि वर्षानुवर्षं तशीच फिरवायची. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी लागते. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्याने मालक आणि भरपाईला तोच जबाबदार. म्हणून विकणाऱ्यानेही डोळे मिटू नयेत आणि घेणाऱ्यानेही. पैसे देण्याआधी त्या नंबरवरची जुनी चलनं पाहा, नाव बदलून घ्या, विमाही आपल्या नावावर करून घ्या.

तिसरी सवय सगळ्यांत धोक्याची. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारणं. मोपाला टुरिस्ट उतरले, त्यांना तारकर्लीला आणलं, पैसे घेतले. पर्यटनाच्या दिवसांत पोट भरण्याचा हा सोपा मार्ग वाटतो, आणि बेकारी किती आहे हे मला ठाऊक आहे. पण खाजगी कारची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. परमिटशिवाय भाडं मारलं तर कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. परमिट नसलेल्या वाहनाच्या बाबतीत २०१८ च्या अमृत पाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच मार्ग लावला, कंपनीने आधी द्यावं आणि मालकाकडून वसूल करावं. गाडीत चार पाहुणे बसलेले असताना अपघात झाला तर तो हिशेब किती होईल, तुम्हीच विचार करा. धंदा करायचा तर पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट आणि व्यावसायिक विमा. सुरुवातीला महाग पडतं, पण रात्री झोप लागते.

आता पोलिसाने थांबवलं तर काय करायचं? आपल्यातल्या अनेकांच्या मनात एक भीती असते. लायसन्सवरचं नाव वाचलं की आवाज बदलेल, जास्त तपासतील, प्रकरण वाढेल. कधी हा अनुभव खराही असतो. म्हणून मुलं काय करतात? हातात दोनशे-पाचशे ठेवून लवकर निघतात. पावती नाही, चलन नाही. मित्रांनो, भीतीवर हा उपाय नाही. बिनपावतीचे पैसे दिले की तुमच्या बाजूने बोलणारा एकही कागद तुमच्याकडे राहत नाही. आपल्यासारख्या माणसाला सगळ्यांत जास्त गरज असते ती कागदाचीच.

म्हणून आपले हक्क माहीत असू द्या. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने मूळ कागदाइतकीच चालतात. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची पोच द्यावी लागते, कलम २०६ मध्येच तसं आहे. गुन्हा मान्य नसेल तर जागेवर पैसे भरण्याची सक्ती नाही, कोर्टात बाजू मांडता येते. कॅमेऱ्याच्या चलनाबद्दल २०२१ चा नियम १६७-अ सांगतो की नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा. फोटो मागा, नंबर आपलाच आहे का ते पाहा. निलंबनाची नोटीस आली तर ती फेकू नका. कलम १९ नुसार आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. हे हक्क नोटीस उघडणाऱ्यालाच वापरता येतात.

आणि शांतपणे बोला. 'साहेब, चलन करा, पावती द्या.' एवढं वाक्य पुरे. मात्र ते बोलताना डोक्यावर हेल्मेट असलं पाहिजे. भेदभावाची तक्रार करणाऱ्याची बाजू तेव्हाच भक्कम असते, जेव्हा त्याचे स्वतःचे कागद पूर्ण असतात.

एक सावधगिरी सांगतो. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेली. ती उघडली की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. सरकार चलनासाठी कधीही ॲपची फाइल पाठवत नाही. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका, साइट स्वतः उघडा. आणि लक्षात ठेवा, साइट दोन आहेत. गोव्याचं चलन केंद्राच्या परिवहन ई-चलन साइटवर पाहायचं, महाराष्ट्राचं महाराष्ट्र पोलिसांच्या वेगळ्या साइटवर. एका ठिकाणी शून्य दिसलं म्हणून खूश होऊ नका, दोन्ही पाहा.

आज घरी गेल्यावर अर्धा तास काढा. घरातल्या प्रत्येक गाडीचा नंबर दोन्ही साइटवर टाका. जे बरोबर आहे ते भरा आणि पावती जपून ठेवा. जे चुकीचं आहे त्याची तक्रार नोंदवा. विम्याची तारीख पाहा. ओन डॅमेजची पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर जमवलेला नो क्लेम बोनसही जातो. लायसन्सवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर आजचा आहे का ते पाहा. घरात अठराच्या आतला भाऊ चावी घेऊन जात असेल तर अब्बांना कलम १९९-अ सांगा. पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

आणि एक काम आपण मिळून करू शकतो. आपल्या मोहल्ल्यात असे चाचा आहेत, रिक्षा आणि टेम्पो चालवणारे, मासळीच्या गाड्या पहाटे गोव्याला नेणारे, ज्यांना ही साइट उघडता येत नाही. तुमच्या हातात मोबाइल आहे. महिन्यातून एका जुम्याला, नमाजनंतर, जमातच्या परवानगीने एक टेबल मांडा. तिथे कुणीही यावं, कुठल्याही धर्माचं. गाडीचा नंबर सांगावा आणि तुम्ही त्याचं चलन, विमा, लायसन्सची मुदत पाहून द्यावी. ओटीपी मात्र त्याच्याकडून कधीच मागू नका. याला पैसे लागत नाहीत आणि निवडणुकीची वाटही पाहावी लागत नाही.

पुढच्या जुम्याला टेबल कोण मांडणार, त्यांनी आजच नाव द्या.